कोरडा पूर

बाळाबाईनं सातवी भाकरी तव्यावर टाकली, तेव्हा तानाबाईनं ती बघितली. सहाच लागत होत्या. सासरा आण्णा, सासू बाळाबाई, नवरा गुंडू, दीर आकाराम, ती स्वतः आणि तिच्या चार वर्षांच्या चिमीची एक. आक्काचा सोमवार होता. आक्का ही आण्णांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. चाळीस वर्षं ती सोमवार धरत होती आणि सोमवारी त्या घरात आक्काच्या नावानं पीठ मळलं जात नसे. मग सातवी कुणाची, हे तानाबाईला विचारायची गरज नव्हती, आणि विचारायचा धीरही नव्हता.

बाहेर ज्येष्ठाचं ऊन मी म्हणत होतं. पंचगंगा इतकी आटली होती की म्हशी पाण्यात बसल्या तरी पाठी कोरड्या राहत होत्या. आणि अशा दिवशी अख्खी वळणवाडी, पूर आल्यासारखी, घरं सोडून बिरोबाच्या टेकडीवर जाणार होती.

हा सगळा उद्योग आकारामाचा. गारगोटीला शाळेत मास्तर, सुट्टीला घरी आलेला. संस्थान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि नव्या सरकारला कागदाची भारी हौस. नदीकाठच्या गावांनी पावसाच्या आधी एकदा घरं सोडायची तालीम करावी, असा दोन ओळींचा कागद मामलेदार कचेरीतून आला. आकारामानं त्या दोन ओळींच्या चाळीस केल्या. घाटाच्या पायऱ्यांवर डांबराच्या तीन रेघा ओढल्या. पहिल्या रेघेला पाणी लागलं की बी-बियाणं आणि वैरण वर न्यायची. दुसरीला लागलं की जनावरं, म्हातारीकोतारी आणि बाळंतिणी. तिसरीला लागलं की चावडीपुढचा रुळाचा तुकडा बडवायचा, आणि मग जो जसा असेल तसा त्यानं निघायचं. गुऱ्हाळाच्या दोन काहिली दोर लावून बांधावर ठेवायच्या. गुळाची काहील म्हणजे चार माणसं बसतील एवढी मोठी लोखंडी कढई, पुरात तिची नाव होते. मागं राहिलेल्याला आणायला ती.

गाव तोंडावर हसलं, पण कुणी नाही म्हणालं नाही.

एका गोष्टीला मात्र आकारामाचा कागद पुरा पडेना. वळणवाडीत माणसं मोजत नाहीत. पेंढ्या मोजतील, कोंबड्या मोजतील, गुळाच्या ढेपा मोजतील. पण माणसांवर बोट फिरवून एक-दोन-तीन म्हणालात तर म्हातारी माणसं अंगावर धावून येतात. मोजलेलं माणूस कमी होतं, असा त्यांचा समज. तुम्हाला हसायचं तर हसा. पुरासाठी त्यांची रीत वेगळी होती. घरच्या बाईनं निघायच्या आधी माणशी एक भाकरी थापायची, थापताना त्या माणसाचं नाव घ्यायचं. टेकडीवर गेल्यावर भाकरीची बुट्टी उघडून वाटायची. एक उरली, तर एक माणूस मागं राहिलं. मग कुणीतरी उठून बघायला जायचं.

"आई, आवरलं का?" आकाराम दारात येऊन म्हणाला. हातात वही, कानावर पेन्सिल. "रूळ वाजला की निघायचं. मग मागं वळायचं न्हाई."

"भाकरी तर होऊ देशील?" बाळाबाई म्हणाली.

"पूर थांबतो व्हय भाकरीसाठनं?"

तो सहज बोलून गेला. बाळाबाईनं मान वर केली नाही, सातवी भाकरी परतली आणि निखाऱ्याला लावली. तानाबाईनं दिराकडं बघून डोळे वटारले. तेव्हा कुठं मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला, आणि कानकोंडा होऊन तो अंगणात गेला. चार बुकं शिकलेला माणूस, पण ह्या घरात कुठं पाय ठेवू नये हे त्याला कधी कळलं नाही.

*

चार वर्षांमागं, श्रावणातल्या एका सोमवारी, खरा पूर आला होता.

तानाबाई तेव्हा बारा दिवसांची बाळंतीण. गल्लीत पाणी शिरताना पहिली गाडी निघाली ती तिला आणि तान्ह्या चिमीला घेऊन, उचगावला तिच्या माहेरी. सोबत बाळाबाई गेली. जायच्या आधी तिनं भाकरी थापल्या. दोघींच्या दोन आपल्या पदरात बांधून घेतल्या. मागं राहणाऱ्यांच्या बुट्टीत घालून बुट्टी गुंडूच्या हातात दिली. आकाराम कोल्हापुरात बोर्डिंगात होता, आणि आक्काचा सोमवार.

घरात आणखी एक होती, बया, बाळाबाईचं शेंडेफळ, सात वर्षांची. बाळाबाईला वाटलं, ती बापाजवळ आहे. बापाला वाटलं, आईबरोबर गाडीत गेली. ती पोटमाळ्यावर शेंगांच्या पोत्यांवर झोपली होती. तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर सापडली.

बाळाबाई उचगावहून आली तेव्हा तिनं आण्णांना एकच गोष्ट विचारली. "भाकरी उरली न्हवती?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "पुरल्या बरोबर. उरली असती तर बघायला गेलो नसतो?"

झालं. त्या एका वाक्यानं बाळाबाईचा हिशेब लागला. भाकरी उरली नाही म्हणजे तिनं ती केलीच नव्हती. धुरात, घाईत, तान्ह्या पोराच्या रडण्यात ती पोटच्या पोरीला विसरली होती. आण्णांचं नाव घेतलेलं तिला आठवत होतं. गुंडूचं आठवत होतं. सुनेचं, आपलं स्वतःचं. बयाचं घेतलं का? चार वर्षं ती रोज चुलीपुढं बसून तो दिवस पहिल्यापासून थापत आली, आणि रोज त्याच जागी येऊन तिला पुढचं दिसेना. तिचं तिलाच तोंड दाखवायची लाज वाटे.

पण गेल्या संक्रांतीला एक झालं. गोठ्यात शेण भरताना तिला गुंडू बैलाशी बोलताना ऐकू आला. म्हातारा बैल मरायला टेकला होता. गुंडू त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणत होता, "तू खाल्लीस ती, मर्दा. तुला तरी ठावं हाय." एवढंच. बाळाबाईनं कुणाला काही विचारलं नाही. विचारून ह्या घरात खरं कळत असतं, तर चार वर्षांमागंच कळलं असतं.

आज तिनं नाव घेऊन भाकरी थापली. बया. ओठांतल्या ओठांत, पण घेतलं. उरली असती तर बघायला गेलो असतो, असं आण्णा म्हणाले होते. आज उरणार होती. बघू काय करतात.

*

रूळ वाजला आणि माणसं बाहेर पडली.

सुरुवातीला थट्टाच चालली होती. शेजारची धोंडुबाई पाटा डोक्यावर घेऊन निघाली, तर कुणी म्हणालं, पाटा तरंगंल ग, ऱ्हाऊ दे. दोन गल्ल्या होईपर्यंत हसणं चाललं. मग गल्लीतल्या दारांची उघडी भोकं दोन्ही बाजूंनी दिसायला लागली, आतल्या चुलींचा धूर तसाच वर येत होता, आणि हळूहळू बोलणं बंद पडलं. का पडलं ते कुणाला सांगता आलं नसतं. फुफाट्यात पावलांचा आवाजही नीट होत नव्हता.

वेशीबाहेर ओढ्याचा उतार लागतो. पुरात तिथं गुडघाभर पाणी असतं. आता भुई भेगाळलेली होती. तानाबाई चिमीला कडेवर घेऊन चालली होती, आणि तिला दिसलं की पुढच्या बायांनी उतारावर येताच लुगडी गुडघ्यापर्यंत वर धरली. एकीनं धरली, दुसरीनं धरली, सगळ्यांनी धरली. एका म्हाताऱ्यानं पायताणं काढून डोक्यावर घेतली. कुणी हसलं नाही. तानाबाईनं खाली बघितलं तर तिच्याही हातात लुगड्याचा काठ होता, आणि पाय ती अंदाज घेत घेत टाकत होती.

"आजी, पाणी कुठं हाय?" चिमीनं विचारलं.

"मागं," बाळाबाई म्हणाली.

चिमीनं आईच्या खांद्यावरून मागं बघितलं आणि मान फिरवून आईच्या गळ्यात तोंड खुपसलं. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी ते ऐकलं. त्यांनी पाय उचलले, पण मागं वळून कुणी बघितलं नाही.

 सातव्या भाकरीचं नवऱ्याला सांगावं, असं तानाबाईला वाटलं. गुंडू चार पावलं पुढं बुट्टी घेऊन चालला होता. बुट्टी त्यानंच घेतली होती, कुणी दिली नव्हती. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, सासूकडं बघितलं आणि मिटलं. नवऱ्याच्या बाजूनं राहायचं तर आता बोलायला हवं होतं. तिनं चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

*

बिरोबाच्या देवळापुढं एक लिंब आहे, त्याच्या सावलीत आणि सावलीबाहेर गाव घराघरानं बसलं, आपापल्या बुट्टीभोवती. आक्काला उपासामुळं काही काम नव्हतं, म्हणून ती नुसती बघत होती. खाली गाव दिसत होतं. कौलं, रिकाम्या गल्ल्या, परड्यात वाळत घातलेली धोतरं. भर दुपारी गावात एक माणूस नाही, हे आक्कानं जन्मात दुसऱ्यांदा बघितलं. कुत्री तेवढी खाली राहिली होती आणि तीही भुंकत नव्हती.

तानाबाईनं फडकं सोडलं. आण्णांना एक दिली. गुंडूला, आकारामाला, चिमीला. सासूला दिली, आपली घेतली. बुट्टीत एक राहिली.

"एक उरली की," आकाराम म्हणाला. तो उभ्याउभ्याच खात होता, काखेत वही. "कोण राहिलं मागं?"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. सगळे तर इथंच होते.

"आक्काची असंल ती," गुंडू घास चावत म्हणाला. "सोमवार हाय न्हवं तिचा."

"व्हय, आक्काचीच," आण्णा म्हणाले. "ठेव झाकून."

आक्कानं मान वर केली. हेच शब्द. ह्याच दोघांच्या तोंडून, ह्याच क्रमानं, ह्याच लिंबाखाली. गुंडूचा घाससुद्धा तसाच गालात होता. त्या दिवशी वरून धार लागली होती आणि आज ऊन होतं, एवढाच काय तो फरक. आपण म्हातारपणी दिवस चुकलो की काय, असं तिला क्षणभर खरोखर वाटलं, आणि तिनं गावाकडं बघून घेतलं, पाणी चढलंय का ते.

"मग बरोबर," आकाराम म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहायला लागला. "सगळी आली."

"सोमवारी मी आक्काची करती काय ओ?" बाळाबाईनं नवऱ्याला विचारलं. भाजीत मीठ आहे का विचारावं, तशा आवाजात.

"केली असशील गडबडीत."

"कसली गडबड? पाणी कुठं हाय आज?"

आण्णांनी घास तसाच हातात धरला.

"मग कुणाची ती, आई?" आकारामानं विचारलं.

"बयाची. मी तिचं नाव घेऊन थापली. एक उरल्यावर तुमी काय करतासा, ते बघायचं हुतं मला. बघितलं."

 धोंडुबाईनं पोराच्या तोंडाला पदर लावला. गुंडूचा जबडा थांबला होता आणि तो गिळतही नव्हता, थुंकतही नव्हता.

आता आक्काला राहवेना. चार वर्षं ती एकेक सोमवार जास्तच कडक करत आली होती, पाणीसुद्धा दिवस मावळल्यावर. देव काही बोलला नव्हता. "बाळाबाई," ती म्हणाली, "त्या दिवशीबी एक उरली हुती."

"आक्का," आण्णा म्हणाले.

"आक्का काय? म्हातारी झाली मी, मराय टेकली. उरली हुती. गुंडूनं ह्येच म्हटलं, आक्काची असंल. तू हूं म्हणलास. मला ठावं हुतं, सोमवारी ही माझी करत न्हाई. पण म्हटलं, पुरात कोण वार बघतंय, केली असंल संध्याकाळसाठनं. मी तोंड उघडलं न्हाई. काहील बांधावर रिकामी बांधून हुती. दिवस मावळेपतोर पाणी चुलीच्या वर गेलं न्हवतं."

बाळाबाईनं बुट्टीतल्या भाकरीकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे मी केली हुती."



"बयाची भाकरी मी केली हुती," ती पुन्हा म्हणाली. आवाज चमत्कारिकच आला, पोरीचं कौतुक सांगावं तसा. "काय केलासा तिचं?"

"बैलाला घातली," गुंडू म्हणाला. "दुपारी. पावसात भिजायली हुती."

"आणि मला सांगिटलंसा, एकबी उरली न्हाई."

आण्णांनी हातातली भाकरी खाली ठेवली. हा माणूस गावात शब्दाला पक्का म्हणून नावाजलेला. दोन भावांच्या बांधाचा तंटा असला तर लोक त्यांच्याकडं यायचे. आता मात्र त्यांना नजर कुठं ठेवावी समजेना. "पोरगी सापडली आणि ह्यो जाऊन हिरीच्या काठावर बसला," ते गुंडूकडं बोट करून म्हणाले. "दोन दिवस. आत पाय सोडून. एक पोर गेलं हुतं. दुसरं जाऊ दिऊ? तुला खरं सांगितलं असतं तर तू त्याला काय बोलली असतीस?"

"म्हणून माझ्यावर ढकललंसा."

"तू सोसशील असं वाटलं."

"सोसलं की," बाळाबाई म्हणाली.

"मामंजी," तानाबाई म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. सासऱ्याशी ती एरवी दाराआडून बोलायची. "आत्याबाई रोज चुलीपुढं बसून नावं घेत्यात. तुमची, ह्यांची, माझी. मग थांबत्यात. पीठ हातात तसंच ऱ्हातं, तवा करपतो. मी रोज बघती. तुमी एकाच घरात ऱ्हातासा. तुमाला कधी करपल्याला वाससुद्धा आला न्हाई?"

"गप ग," गुंडू म्हणाला.

"मी का गप? तुमी हिरीवर बसला, तर घरानं तुमाला धरून आणलं. ह्या कुठं जाऊन बसणार हुत्या?"

गुंडूनं मान खाली घातली. आक्का उठून बाळाबाईच्या शेजारी जाऊन बसली. बाळाबाई सरकली नाही, पण तिनं तिला जवळही केलं नाही.

*

आकाराम आता ह्या माणसांच्या मधोमध वही घेऊन उभा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला सांगायला काही सुचत नव्हतं. त्या दिवशी तो बोर्डिंगात होता. चौथ्या दिवशी निरोप आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पायऱ्यांवरच्या डांबराच्या रेघा, दोर, काहिली, हे सगळं त्यानं कुणासाठी केलं होतं हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मामलेदाराच्या कागदाचं नाव पुढं करणं सोपं होतं.

"आकाराम," बाळाबाई म्हणाली. "माणसं मोजायची न्हाईत, बरं. नावं तर घेता येत्यात?"

"घरटी लिवलीत की मी. कचेरीत द्यायला."

"मग मोठ्यानं वाच. आपल्या घराची."

त्यानं पान उलटलं. "आण्णा."

आण्णांनी आधी समोरच्या लोकांकडं बघून घेतलं. "हाय," ते शेवटी म्हणाले.

"आक्का." "हाय." "आई." "हाय." "गुंडूदादा." गुंडूनं नुसता हात वर केला. "त्वांडानं," बाळाबाई म्हणाली. "हाय," गुंडू म्हणाला. तानाबाई, चिमी. आकारामानं आपलं नाव घेतलं आणि आपणच हाय म्हटलं. वही मिटायला लागला.

"बयाचं लिव."

"खुळ्यागत करू नको," आण्णा म्हणाले. "गाव बघतंय."

आकारामानं बापाकडं बघितलं. हा बाप त्यानं लहानपणापासून मनात उंच जागी ठेवला होता. मग आईकडं बघितलं. कानावरची पेन्सिल काढली आणि चिमीच्या नावाखाली त्यानं नाव लिहिलं. अक्षर त्याचं चांगलं होतं, शाळेतल्या फळ्यावरचं.

"बया," त्यानं वाचलं.

कुणी हाय म्हणालं नाही. सगळी टेकडी इकडं तोंड करून बसली होती. वारा पडला होता. आकारामाला वाटलं, आई आता काही बोलेल. पण ती हात मांडीवर ठेवून वाट बघत होती, खरोखर वाट बघत होती. मग एकेक करून दुसरी माणसंही पायवाटेकडं बघायला लागली. खालून कुणी चढून येतंय का, असं. धोंडुबाईनं तर कपाळावर आडवा हात धरला.

"आली न्हाई," बाळाबाई म्हणाली. "आता तुझ्या कागदात काय लिवलंय?"

"मागं जाऊन बघायचं," आकाराम म्हणाला.

"कोण जाणार?"

आण्णा उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून अर्धे उठले तोवर गुंडू उभा राहिला होता. तोंडातला घास त्यानं बाजूला जाऊन थुंकला आणि काही न बोलता उतरायला लागला. त्याला कुणी थांबवलं नाही.

*

ओढ्याच्या उतारावर गुंडूनं धोतर वर धरलं नाही. पण पाय गार पडले, हे त्यानं नंतर बायकोजवळ कबूल केलं.

गल्लीत पाऊल टाकलं आणि त्याला आपलं गाव ओळखू येईना. पडवीत पाळणा टांगलेला, अजून जरा हलत असलेला. कुणाच्या तरी परड्यात घागर नीट न ठेवल्यामुळं पाणी टपकत होतं आणि तो आवाज सगळ्या गल्लीत ऐकू येत होता. भिंतींवर त्या पुराची रेघ होती, गाळाची, त्याच्या डोक्याच्या वर. रोज तिच्याखालून तो जायचा यायचा. आज तो तिच्याखालून चालला आणि त्याला श्वास मोजून घ्यावा लागला.

घराचं दार उघडंच होतं. सोप्यात कुणी नव्हतं. सैपाकघरात चूल ऊन होती, काठवटीला पीठ लागलेलं. गोठ्यात बैलांची जागा रिकामी. परड्यात जाऊन त्यानं शेणीच्या उडव्यामागंही बघितलं. आपण कुणाला शोधतोय हे त्याला पुरतं माहीत होतं, आणि तरी तो हळूहळू पावलं टाकत होता, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून टाकतात तशी.

"बया," त्यानं हाक मारली.

हे नाव त्यानं चार वर्षांत मोठ्यानं घेतलं नव्हतं. आवाज घरातून फिरून परत आला. तो शिडीपाशी गेला. पोटमाळ्यावर त्या दिवसानंतर तो चढला नव्हता. शेंगा, जोंधळा, काय असेल ते गड्याकडून चढवून घ्यायचा. शिडी भिंतीला टेकून होती, ती उचलून त्यानं लावली. चढला. वर अंधार होता, कौलाच्या फटीतून उन्हाचे दोन-तीन पट्टे पडले होते. पोती होती. त्यानं हात लावला, तर एक पोतं मधोमध दबलेलं आणि उबदार. कौलं तापली होती. कौलं तापली होती म्हणून, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि हात काढून घेतला नाही. तिथं तो किती वेळ बसला हे त्याला सांगता आलं नसतं. "ऊठ ग," तो म्हणाला. "जायचं हाय." मग तो रडला, गडीमाणसानं रडू नये तसा, हुंदके देऊन, कारण ऐकायला गावात कुणी नव्हतं.

तो परत टेकडी चढला तेव्हा गाव तसंच बसून होतं. परतीचा रूळ वाजवायला आकारामानं माणूस पाठवला नव्हता. भाकऱ्या कुणी खाल्ल्या नव्हत्या. गुंडू आईपुढं येऊन उभा राहिला. अंगाला कोळिष्टकं लागली होती.

"सोप्यात बघितलं," तो म्हणाला. "सैपाकघरात बघितलं. गोठ्यात, परड्यात."

"पोटमाळ्यावर?"

"बघितलं."

"शिडी लावून?"

"शिडी लावून, आई. हाकबी मारली. कोण न्हाई."

बाळाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग लिंबाच्या सावलीकडं. ती अजून तिच्या पायापर्यंतही सरकली नव्हती.

"एवढाच येळ लागतो व्हय रं," ती म्हणाली, "जाऊन बघून यायला?"